आधी गरज, मग किंमत

सरकारी आरोग्यसेवेसाठी औषधं निवडताना शेवटी कुणाला तरी नाही म्हणावंच लागतं. पैसा मोजका असतो. ते ‘नाही’ कोणत्या कसोटीवर म्हणायचं, आणि मुख्य म्हणजे कोणती कसोटी आधी लावायची, यावर मी आज बोलणार आहे. माझ्या मते सगळी गोम त्या क्रमातच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये अत्यावश्यक औषधांची पहिली यादी काढली. तीत दोनशेच्या आसपास औषधं होती. आजार किती जणांना होतो, औषधाने गुण येतो का, ते सुरक्षित आहे का आणि परवडतं का, हे पाहून निवड करायची. ऐकायला यात काही खटकत नाही. पण ‘परवडतं का’ हे दारातच विचारलं की काय होतं, ते एचआयव्हीच्या साथीत दिसलं.

१९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार आला आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामाला जाऊ लागली. खर्च मात्र माणशी वर्षाला १०,००० डॉलरच्या वर. सर्वाधिक रुग्ण आफ्रिकेत, आणि तिथल्या सरकारांना हे झेपणारं नव्हतं. महाग म्हणून यादीत नाही, यादीत नाही म्हणून मोठी खरेदी नाही, मोठी खरेदी नाही म्हणून पुन्हा महागच. या फेऱ्यात किती जीव गेले! फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने हाच उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या आंतरराष्ट्रीय सेवाभावी वैद्यकीय संस्थेला माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. आपला १९७० चा पेटंट कायदा तेव्हा औषधावर पेटंट देत नव्हता, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर देत होता. म्हणून हे जमलं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने या उपचाराची औषधं यादीत घेतली आणि निवडीचा क्रमही बदलला. आधी गरज आणि गुण पाहायचे. औषध त्यात उतरलं, की ते परवडेल अशी व्यवस्था करणं हे पुढचं काम.

हिशेब नकोच, असं माझं म्हणणं नाही. ब्रिटनमधली ‘नाइस’ ही संस्था उपचाराने आयुष्याची किती चांगली वर्षं वाढतात ते मोजते, आणि अशा एका वर्षामागे २०,००० ते ३०,००० पौंडांपर्यंतचा खर्च तिने कित्येक वर्षं रास्त मानला. आपल्याकडेही २०१७ पासून केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात असं मूल्यमापन होतं. ओळखीपाळखीने होणारी खरेदी रोखायची तर हे हवंच. पण त्या गणितात किंमत म्हणून भरलेला आकडा हा काही निसर्गनियम नव्हे. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या मुलांचे स्नायू दुबळे करणाऱ्या आजारावरच्या रिसडिप्लामची बाटली आपल्याकडे सुमारे ६ लाखांना मिळत होती. २०२५ मध्ये पेटंटच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने नॅटको या भारतीय औषध कंपनीला रोखायला नकार दिला आणि त्या कंपनीने तेच औषध १५,९०० रुपयांत आणलं. आधीच्या किमतीवर हिशेब मांडून त्या मुलांना कायमचं ‘नाही’ म्हटलं असतं, तर ते बरोबर ठरलं असतं का?

आता दुसरं टोक पाहा. सर्पदंशाने २०००पासून २०१९पर्यंत भारतात अंदाजे १२ लाख माणसं गेली. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारी एकच लस, म्हणजे साप चावल्यावर द्यायचं प्रतिविष, आपल्याकडे बनते. केंद्राच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत प्रत्येक औषधापुढे ते कोणत्या स्तरावर असायला हवं, तेही लिहिलेलं असतं. या लशीपुढे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत तिन्ही स्तर आहेत. म्हणजे गरज मान्य, गुण सिद्ध, यादीतही नाव. तरीही रुग्णाला ‘तालुक्याला न्या’ म्हणून पुढे धाडलं जातं, आणि मण्यार चावलेल्या माणसाचा श्वास वाटेतच थांबतो.

कुप्या नेहमीच संपलेल्या असतात असं नाही. पुष्कळदा भीती आडवी येते. सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या द्याव्या लागतात. भुकटीत पाणी घालून कुपी हलक्या हाताने फिरवायची, जोरात हलवली तर फेस होतो. मग सगळं सलाइनमधून तासाभरात सोडायचं. काहींना याची तीव्र रिअ‍ॅक्शन येते, रक्तदाब कोसळतो. त्यावर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन आहे, अगदी स्वस्त. ते सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवलेलं असेल आणि कधी टोचायचं हे माहीत असेल, तर केंद्रातला नवखा डॉक्टरही लस सुरू करायला कचरत नाही.

म्हणून प्राधान्य ठरवताना एकटं औषध मोजू नये असं माझं ठाम मत आहे. लशीच्या खरेदीसोबत ॲड्रेनलिन, श्वास देण्याची पिशवी आणि पावसाळ्याच्या आधी डॉक्टर-परिचारिकांचं प्रशिक्षण, हे सगळं एकाच मागणीपत्रात, एकाच खर्चात धरायला हवं. आज लस औषधखरेदीत येते आणि प्रशिक्षण दुसऱ्याच शीर्षाखाली जातं. जिल्ह्याच्या आराखड्यात यंदा एकच बदल करता आला, तर तो हाच करा.