लुमुंबांचा दात

नमस्कार, श्रोतेहो.

काँगोची बातमी आली की आपल्या कानावर दोनच गोष्टी पडतात: बंडखोरांनी अमुक शहर घेतलं, नाहीतर खाण खचून मजूर गाडले गेले. 2025 च्या जानेवारीत एम-23 च्या बंडखोरांनी गोमा शहर घेतलं, तेव्हाही तेच झालं. या बातम्यांना मागचा-पुढचा संदर्भच नसतो, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून आज काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांच्याविषयी बोलणार आहे.

30 जून 1960. काँगो बेल्जियमपासून स्वतंत्र झाला. समारंभात बेल्जियमच्या राजांनी आपले पूर्वज लिओपोल्ड दुसरे यांचे गोडवे गायले. त्याच लिओपोल्डच्या राजवटीत रबरापायी काँगोत माणसांचे हात तोडले गेले होते! पंतप्रधान लुमुंबांचं भाषण कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. एकेकाळी पोस्टात कारकुनी केलेला हा चौतीस वर्षांचा माणूस उठला आणि राजासमोर सगळं बोलला. सकाळ, दुपार, संध्याकाळ खाल्लेला मार, झालेले अपमान, बळकावलेल्या जमिनी.

दोन आठवड्यांच्या आत कटांगा प्रांत फुटून निघाला. तांबं, कोबाल्ट, युरेनियम, सगळं तिथेच. हिरोशिमाच्या बॉम्बमधलं बरंचसं युरेनियमही कटांगातल्या शिंकोलोब्वे खाणीचं होतं. या फुटीला बेल्जियमच्या खाण कंपनीचं आणि सैन्याचं पाठबळ होतं. सप्टेंबरात लुमुंबांना पदावरून हटवलं, पुढे पकडलं, आणि 17 जानेवारी 1961 च्या रात्री कटांगात दोन साथीदारांसह गोळ्या घातल्या. बेल्जियन अधिकारी तिथे हजर होते.

लोकांनी समाधीवर जमू नये म्हणून प्रेतं उकरून काढली, त्यांचे तुकडे केले, ते ॲसिडमध्ये विरघळवले. हे काम करणाऱ्या बेल्जियन पोलीस अधिकाऱ्याने एक दात स्वतःजवळ ठेवून घेतला. सोन्याने मढवलेला दात. पुढे तो टीव्हीवर हे सांगायलाही कचरला नाही. तो दात 2022 च्या जूनमध्ये ब्रुसेल्सला एका छोट्या निळ्या पेटीतून लुमुंबांच्या मुलांच्या हाती आला. शवपेटीत ठेवून तो मायदेशी नेला, गावोगाव लोकांनी दर्शन घेतलं, आणि 30 जूनलाच किन्शासात त्याचं दफन झालं.

कटांगाची फूट मोडायला संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत आपले जवानही होते. 1961 च्या डिसेंबरात कटांगातल्या एलिझाबेथविलला कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले. त्यांना परमवीरचक्र मिळालं. आपल्या मोबाईलच्या बॅटरीत जे कोबाल्ट असतं, त्यातलं बरंचसं आजही त्याच मातीतून निघतं.

लुमुंबांच्या कुटुंबाने 2011 मध्ये बेल्जियममध्ये फिर्याद दिली. त्यात नाव असलेली बहुतेक माणसं वारली. 2025 च्या जूनमध्ये सरकारी वकिलांनी, वयाची नव्वदी ओलांडलेल्या एका माजी राजनैतिक अधिकाऱ्यावर खटला चालवावा, अशी मागणी केली. त्यांना आरोप मान्य नाहीत, आणि निवाडा करणं न्यायालयाचं काम. पण साक्षी-पुरावे उघड्या न्यायालयात तपासले जावेत, असं मला मनापासून वाटतं. लुमुंबांची मुलं तेवढंच मागताहेत.