वणवा वर धावतो

नमस्कार श्रोतेहो. शिमगा जवळ आला की डोंगरातलं गवत असं वाळतं, की मुठीत धरलं तर चुरा होतो. चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या गावांतून कोणी ऐकत असाल, तर आजचा विषय तुम्ही ओळखलाच असेल. वणवा.

आपल्याकडे विजा येतात त्या वळवाबरोबर. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या आभाळाखाली रान पेटतं ते बहुतेक माणसाच्या हातानं. बांध पेटवला आणि वारा सुटला, विडीचं थोटूक टाकलं, मधाच्या पोळ्याखाली धूर केला. आणि पुष्कळदा मुद्दाम, "जाळलं की गवत चांगलं येतं" म्हणून. हे मी माझ्या आजोबांच्याच तोंडून ऐकलंय, त्यामुळे असं म्हणणाऱ्यावर मला रागावता येत नाही. पण काळ्या राखेवर हिरवा कोंब उठून दिसतो, म्हणून गवत वाढल्यासारखं वाटतं. तग धरतं ते कुसळी गवत, पिकल्यावर गुरं ज्याला तोंड लावत नाहीत. आणि उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यानं वारणा नदीत जाते, चांदोली धरणाच्या वसंतसागर जलाशयाच्या तळाशी बसते.

एकदा ओल्या डहाळ्यांनी आग झोडपून आम्ही सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळावर, टेकलो होतो. पायाशी टिटवीची अंडी होती. चार. दोन तडकलेली, दोन काजळलेली. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती आणि आम्ही तिथून उठेपर्यंत कोणी बोललं नाही.

आता जिवाचं सांगतो. आग चढावर जोरात धावते, कारण ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून ठेवतात. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला थांबू नका आणि माथ्याकडे पळू नका. आडवे सरका, उघडा कातळ किंवा जळून थंडावलेला काळा पट्टा गाठा. घळीत तर शिरूच नका, तिथे आग धुराड्यासारखी वर खेचली जाते. 11 मार्च 2018 रोजी तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकिंगला गेलेली माणसं अशाच वणव्यात सापडली. वीसहून अधिक जण गेले, त्यात कितीतरी तरुण मुली होत्या.

वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवताचे पट्टे आधीच साफ करून ठेवतं; उपग्रहावरून आगीचे संदेशही येतात. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच डोक्यावरून जातो. तुमच्या अंगणातून धूर त्याच्याआधी दिसतो. आग कोणी लावली हे नंतर बघता येईल. उद्यानात आग लावणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहेच. तुम्ही आधी फोन करा. कोणता डोंगर, जवळचा पाणवठा कुठला, धूर कुठल्या अंगाला कलतोय, एवढं सांगा. वनखात्याचा नंबर लिहून घ्या: एक, नऊ, दोन, सहा. पुन्हा सांगतो, 1926.