एक टेम्प्लेट, सगळे सर्व्हर

(दृश्य: नागपूर, मिहान परिसर. कार्यालयातला टर्मिनल.)

इथं नागपुरात बसून ज्या सर्व्हरवर काम चालतं, ते असतात मुंबईला नाहीतर हैदराबादला. दहा सर्व्हर हातानं उभे केले, की एकावर लायब्ररी जुनी राहते, दुसऱ्यावर फायरवॉलचा नियम सुटतो. म्हणून चालू सर्व्हरला हात लावायचा नाही. बदल टेम्प्लेटमध्ये, म्हणजे सर्व्हर कसा हवा ते लिहिलेल्या फाइलमध्ये करायचा आणि इमेज, म्हणजे नवे सर्व्हर जिच्यावरून उभे राहतात ती तयार डिस्कची प्रत, नव्यानं बनवायची.

त्यासाठी पॅकर. हॅशिकॉर्पचं हे साधन २०१३ पासून आहे. 'पॅकर बिल्ड' म्हटलं, की क्लाउडवर तात्पुरता सर्व्हर सुरू होतो. पॅकर एसएसएचनं (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करण्याची पद्धत) आत शिरून स्क्रिप्ट चालवतं, सर्व्हर थांबवतं, डिस्कच्या स्नॅपशॉटवरून (त्या क्षणाच्या प्रतीवरून) इमेज नोंदवतं आणि तो सर्व्हर काढून टाकतं.

(दृश्य: लाल अक्षरांतली एरर.)

बिल्ड, म्हणजे इमेज बनवण्याचं काम, एकदा पडतं, एकदा पार होतं? बहुतेकदा कारण घाईचं असतं. उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) बूट होताना क्लाउड-इनिटचं, म्हणजे नव्या सर्व्हरची सुरुवातीची मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमचं काम सुरूच असतं. तेवढ्यात आपली स्क्रिप्ट पॅकेज टाकायला जाते आणि एपीटीचं (उबुंटूवर पॅकेज टाकणारं साधन) लॉक आडवं येतं. 'क्लाउड-इनिट स्टेटस --वेट' ही स्क्रिप्टची पहिलीच ओळ हवी.

जिच्यावरून आपली इमेज बनते, ती मूळ इमेज नुसत्या नावावरून शोधू नका, मालकाचा खाते क्रमांकही द्या. तसल्याच नावाची इमेज कुणीही सार्वजनिक करू शकतो, आणि 'सर्वांत नवी' मागितली की नेमकी तीच हाती येते.

आता साफसफाई. आमच्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथंच होतं. मशीन-आयडीची, म्हणजे सर्व्हरच्या ओळख क्रमांकाची फाइल रिकामी करा, म्हणजे पुढच्या बूटला नवा आयडी तयार होईल. तसाच राहिला, तर कार्यालयातल्या केव्हीएमवर (एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवणारी सोय) एकाच इमेजचे दोन उबुंटू सर्व्हर डीएचसीपीकडून (नेटवर्कवरचे पत्ते वाटणारी सेवा) एकच आयपी पत्ता घेऊन भांडत बसतात. एसएसएचच्या होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या), लॉग, बिल्डसाठी आणलेले प्रवेशाचे टोकन, सगळं काढा. इमेजमध्ये राहिलेला पासवर्ड तिच्यापासून निघालेल्या प्रत्येक सर्व्हरवर पोचतो.

मुंबईत बनलेली इमेज हैदराबादला आपोआप दिसत नाही. टेम्प्लेटमध्ये दोन्ही रीजन (क्लाउडचे विभाग) लिहिले, की पॅकरच प्रत करतं. जुनी इमेज रद्द करताना मात्र तिचा स्नॅपशॉटही आठवणीनं काढा. नाहीतर तो तसाच पडून राहतो, आणि त्याचं भाडं दर महिन्याच्या बिलात लागत राहतं.