पळसाची कळी, कालिदासाची ओळ

(दृश्य: निष्पर्ण पळस. फांदीवर कळ्या.)

फाल्गुन लागलाय. पानं झडलेल्या पळसाच्या फांदीवर कळ्या दाटल्यात. अजून थोडं जवळ जाऊ. तळाशी गडद तपकिरी, मखमली पेला, आणि त्यातून जेमतेम डोकावणारी शेंदरी कोर. तिचा बाक बघा.

बालेन्दुवक्राण्यविकासभावाद्
बभुः पलाशान्यतिलोहितानि ।
सद्यो वसन्तेन समागतानां
नखक्षतानीव वनस्थलीनाम् ॥

कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’तला, तिसऱ्या सर्गातला हा श्लोक. शंकराची समाधी मोडायला इंद्र मदनाला धाडतो. सोबत मदनाचा सखा, वसंत. हिमालयातल्या तपोवनात तो ऋतू नसतानाच उतरतो. वनभूमीला नुकताच भेटलाय. तिच्या अंगावर उमटलेल्या नखांच्या लाल खुणा म्हणजे या कळ्या, बीजेच्या चंद्रासारख्या वाकड्या.

यातला ‘अविकासभावात्’ हा शब्द भरीचा नाही. अजून उमलली नाहीत, म्हणून वाकडी. पळस उमलला की त्याची पोपटाची चोच होते. ‘किंशुक’ हे नाव त्यावरूनच: हा पोपट तर नव्हे? मग नखाची उपमा उरत नाही. वसंताच्या कार्यक्रमात हा श्लोक म्हणायचा आणि मागे पडद्यावर फुलून पेटलेला पळस दाखवायचा, हे हमखास घडतं. चित्र कळीचंच हवं.

म्हणतानाही एक जागा घसरते. वृत्त उपजाती, चरणाला ११ अक्षरं. ऐकणाऱ्याला कळावं म्हणून ‘वक्राणि अविकास’ असा संधी सोडला, की १२ होतात आणि चाल लंगडते. संधी तसाच ठेवावा. अर्थ आधी मराठीत सांगून टाकावा.

(दृश्य: सीताअशोकाचं खोड, केशरी गुच्छ.)

याच सर्गात अशोक फुलतो, तोही ‘स्कन्धात्प्रभृत्येव’, म्हणजे थेट खोडापासून. नूपुर घातलेल्या सुंदरीचा पाय लागल्याशिवाय अशोक फुलत नाही, असा कवींचा संकेत. इथे त्याने तेवढीही वाट पाहिली नाही. पायाची गोष्ट कवींची, खोडाची मात्र झाडाचीच: सीताअशोकाचे गुच्छ जुन्या फांद्यांवर, कधी थेट खोडावरही येतात. सोसायटीच्या कुंपणालगतचा उंच, सरळसोट ‘अशोक’ निराळा. तो सीताफळाच्या कुळातला, फुलं हिरवट. त्याच्याखाली उभं राहून ही ओळ शोधू नये.

(दृश्य: आंबा.)

आंब्याचं गणित आपल्याकडे थोडं पुढेमागे होतं. कोकणात मोहोर थंडीतच येतो. गुढीपाडव्याच्या शुभेच्छापत्रावर मोहोर छापलेला असतो, तेव्हा बाजारात कैरी आलेली असते. चैत्रासाठी मोहोराचीच ओळ निवडायची, तर हे ध्यानात असू द्यावं.

कोकिळाची ओळ मात्र चैत्रात बिनधास्त म्हणावी:

चूताङ्कुरास्वादकषायकण्ठः
पुंस्कोकिलो यन्मधुरं चुकूज ।

आंब्याचे कोंब चाखून कंठ कसा झाला, ते ‘कषाय’ सांगतो. इथे त्याचा अर्थ तुरट नव्हे, रसाळ घ्यायचा. आणि पक्षी कोणता? पुंस्कोकिल. नर. आपण सर्रास ‘कोकिळा गाते’ म्हणतो. मादी तपकिरी, अंगभर ठिपके, आवाज तुटक, ‘किक्-किक्’. चढत्या सुरातलं ‘कुहू’ नराचं. पानाआड काळं काही हललं, लाल डोळा दिसला, तर तोच गातोय.