रात्री दोनला डॉक्टरांना उठवायचं की नाही?

नमस्कार श्रोतेहो. मी नर्स आहे, पॅलिएटिव्ह केअरमध्ये काम करते, म्हणजे गंभीर आजारात माणसाचा त्रास कमी करायचं काम. खूप जणांना वाटतं की हे फक्त शेवटच्या चार दिवसांसाठी असतं. तसं नाहीये, आजाराचं निदान झाल्यापासून, बाकीचे उपचार चालू असतानाही ही काळजी घेता येते.

आता एक रात्र डोळ्यासमोर आणा. दोन वाजलेत, आजोबा झोपल्यासारखे दिसतायत पण कुशीवर वळवताना कपाळाला आठ्या पडतात, मूठ घट्ट आवळली जाते, आणि विचारलं तर म्हणतात बरंय. मॉर्फिनचा, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाचा, पुढचा डोस सहाला आहे, मधल्या वेळेसाठी जादा डोस कोणी लिहूनच ठेवलेला नाही, आणि ड्युटीवरची सिस्टर नवीन आहे. तिच्या मनात एकच, आत्ता डॉक्टरांना उठवलं आणि ते ओरडले तर?

माझ्या मते नर्सिंगमधली लीडरशिप इथे सुरू होते, केबिनबाहेरच्या पाटीवर नाही.

पण नुसतं धाडस करून भागत नाही, फोनवर सांगायला हातात काहीतरी पक्कं लागतं. कुठे दुखतंय, शून्य ते दहामध्ये किती, कशाने वाढतं, मागच्या डोसने किती तास आराम पडला, आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांचा चेहरा, कण्हणं, हात लावल्यावर अंग आखडतं का, हे सगळं बघून लिहून ठेवणं म्हणजे कौशल्य. "पेशंट अस्वस्थ आहे" एवढंच सांगितलं तर समोरचा "सकाळी बघू" म्हणणारच ना. मॉर्फिन घड्याळाप्रमाणे द्यायचं असतं, दुखायची वाट बघत बसायचं नसतं, आणि मध्येच कळ उसळली तर त्यासाठीचा डोस, साधारण दिवसाच्या एकूण डोसचा सहावा भाग, आधीच लिहून घ्यायचा. सोबत पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते आणि त्या त्रासापायी लोक वेदनेचं औषधच नको म्हणतात, हे मी कितीदा पाहिलंय. घरच्यांना तर वेगळीच भीती असते, मॉर्फिन सुरू केलं म्हणजे आता संपलं! मोजून मापून, हळूहळू वाढवत दिलं तर तसं होत नाही, हे त्यांच्याजवळ बसून समजावणं हेही सिस्टरचंच काम.

सिसिली सॉन्डर्स यांचं नाव ऐकलं असेल. त्या मुळात नर्स होत्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटलं. मरणाऱ्या माणसांच्या वेदनांसाठी काही करायचं होतं तर एका सर्जननी सांगितलं, मेडिकल शिका, नाहीतर तुमचं कोणी ऐकणार नाही. त्या खरंच डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारी संस्था, सुरू केलं. शरीराची, मनाची, नात्यांची, श्रद्धेची वेदना एकत्रच बघायची हा त्यांचाच विचार. त्यांच्याबद्दल खूप आदर आहे, पण ऐकून घेतलं जावं म्हणून नर्सला डॉक्टर व्हावं लागलं ही गोष्ट मला अजून टोचते. युगांडाने वेगळा रस्ता काढला, तिथे २००४ पासून खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्स स्वतः मॉर्फिन लिहून देऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा काळजीची गरज असते आणि मिळते फक्त १४ टक्क्यांच्या आसपास लोकांना, मग सगळं डॉक्टरांवरच ठेवून कसं चालेल?

इनचार्ज सिस्टरांना माझी कळकळीची विनंती आहे. नवीन मुलीने रात्री फोन केला तर सकाळी सगळ्यांसमोर "एवढ्यासाठी उठवलंस?" असं म्हणू नका. आधी विचारा तू काय पाहिलंस. आणि तिच्या ड्युटीत पेशंट गेला असेल तर हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला माहिती देणं, घाईत उरकू नका, पाच मिनिटं तिच्याजवळ बसा, तिला बोलू द्या, रडू द्या.

त्या रात्री सिस्टरने फोन केला. आधी सगळं कागदावर लिहून काढलं, मगच नंबर लावला, आणि डॉक्टरांनी डोस सांगितला. तो देऊन ती तासाभराने परत बघायला गेली. आजोबांची मूठ उघडी होती.