तीन वर्षांनी सूचना कोण लावणार?

(चंद्रपूर जिल्ह्याच्या झाडीपट्टी भागातील सार्वजनिक ग्रंथालयांचे ग्रंथपाल आणि कार्यकारिणी सदस्य यांच्यापुढे दिलेले व्याख्यान, थोडे संपादून.)

मित्रहो, संकेतस्थळासाठी आशय व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे ज्याला सगळे सीएमएस म्हणतात ती, कशी निवडावी हा आजचा विषय आहे. मी आत येताच दोघा-तिघांनी विचारले की, वर्डप्रेस ही प्रणाली घ्यावी का. उत्तर देण्यापूर्वी मीच तुम्हाला एक विचारतो. संकेतस्थळ उभे राहून तीन वर्षे झाली आहेत, ते बांधून देणारा मुलगा पुण्याला नोकरीला लागला आहे, आणि रोवणीच्या दिवसांत एका संध्याकाळी वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना त्यावर लावायची आहे. ती कोण लावणार? आपल्यापैकी बरीच ग्रंथालये 'ड' वर्गातली आहेत, तिथे ग्रंथपाल हाच एकमेव कर्मचारी असतो. ती सूचना त्यालाच, बहुधा स्वतःच्या मोबाइलवरून, लावता आली पाहिजे. प्रणालीची परीक्षा मी याच प्रसंगावर घेतो.

अशा प्रणालीचे मूळ काम साधे आहे. मजकूर एकीकडे आणि मांडणी दुसरीकडे ठेवल्यामुळे लिहिणाऱ्याला पानाची रचना हाताळावी लागत नाही, आणि रचना बदलली तरी जुना मजकूर जागच्या जागी राहतो. वर्डप्रेस २००३ साली आले, ड्रुपल त्याच्या दोन वर्षे आधी, आणि जूमला २००५ साली मॅम्बो नावाच्या प्रणालीतून फुटून निघाले. तिन्ही मुक्त स्रोताच्या आहेत, म्हणजे प्रणालीचे पैसे पडत नाहीत. खर्च होतो तो संकेतस्थळाच्या नावाच्या, म्हणजे डोमेनच्या, नोंदणीचा, सर्व्हरवरील जागेचा आणि निगा राखणाऱ्या माणसाचा. यातला शेवटचा खर्च अंदाजपत्रकात कोणी धरत नाही, आणि संकेतस्थळे बंद पडतात ती बहुतेक त्याच्याअभावी.

निगा म्हणजे काय, ते ड्रुपलच्या उदाहरणावरून सांगतो. ड्रुपलची सातवी आवृत्ती २०११ साली निघाली. २०१५ च्या आठव्या आवृत्तीत आतली बांधणी इतकी बदलली की सातवरून पुढे जाणे म्हणजे जवळजवळ नवे संकेतस्थळ बांधून त्यात मजकूर हलवणे झाले. सातव्या आवृत्तीचा अधिकृत आधार, म्हणजे सुरक्षिततेच्या सुधारणा मिळणे, ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. ज्या संस्थेकडे स्वतःचा प्रोग्रामर आहे तिने हे काम केले असेल, पण ज्या ग्रंथालयाचे वर्षाचे अनुदानच तुटपुंजे आहे, त्याने ते कोठून करावे? ड्रुपल वाईट आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. आपल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या प्रयोगांची सूची करायची असेल, जिथे नाटक, मंडळ, गाव, तारीख आणि कलावंत या प्रत्येकाची वेगळी नोंद हवी आणि वडशाच्या एखाद्या मंडळाचे सगळे प्रयोग किंवा एखाद्या गावच्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्रीची सगळी नाटके क्षणात काढता यायला हवीत, तर अशा नोंदींच्या परस्पर जोडणीत ड्रुपल फार भक्कम आहे. मात्र सूचना, नव्या पुस्तकांची यादी आणि चार छायाचित्रे यांसाठी ते घेणे म्हणजे परसातल्या सांबारासाठी, म्हणजे कोथिंबिरीसाठी, ट्रॅक्टर लावणे होय.

वर्डप्रेसचा फायदा मला त्याच्या प्रसारात दिसतो. जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्यावर चालतात, म्हणून बांधणारा निघून गेला तरी तालुक्याच्या ठिकाणी ते हाताळणारा दुसरा कोणी सापडतो. त्याचे मराठी रूपांतरही आहे, त्यामुळे ग्रंथपालाला मजकूर भरण्याचे पडदे मराठीत वाचता येतात. धोका आहे तो प्लगिनांचा, म्हणजे वरून जोडायच्या पूरक तुकड्यांचा. मूळ वर्डप्रेस २०१३ पासून सुरक्षिततेच्या लहान सुधारणा आपोआप घेते, पण वरून बसवलेली वीस-पंचवीस प्लगिने वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली असतात, आणि त्यातल्या एकाने काम सोडले की तेवढे दार उघडे राहते. पाच-सहांवर भागत असेल तर सातवे बसवू नका. जूमला या दोघांच्या मध्ये बसते, परंतु आपल्या भागात ते जाणणारी माणसे मला फारशी भेटली नाहीत, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

आता मराठीविषयी, कारण प्रणाली दाखवणारा माणूस नमुना नेहमी इंग्रजीत दाखवतो. त्याला 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द टंकायला सांगा. फाँट नीट नसेल तर त्यातला अर्धा र रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो आणि शब्द बिघडतो. दुसरी गोष्ट पानाच्या पत्त्याची. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, मात्रा असो की हलन्त, पत्त्यात सांकेतिक रूपाने नऊ जागा घेते, आणि वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्याला दोनशे जागांची मर्यादा आहे. 'वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना' असे शीर्षक दिले की 'सभेची' या शब्दाशी दोनशे जागा बरोबर संपतात आणि 'सूचना' गळून पडते. म्हणून पत्ता आखूड व हाताने लिहावा. ज्यांच्या जुन्या याद्या कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टंकलेल्या आहेत, त्यांनी त्या आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, आणाव्यात. तसे न करता चढवलेली यादी तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक अक्षरांची दिसते, आणि शोधात तर ती कधीच येत नाही.

बाहेर पडण्याची वाट हा मुद्दा माझ्या मनाला लागलेला आहे. काही वर्षांपूर्वी वर्धा जिल्ह्यातील हळद उत्पादकांच्या एका गटाला मी मदत करीत होतो. त्यांचे संकेतस्थळ शहरातल्या एका कंपनीने स्वतःच्या बंदिस्त प्रणालीत बांधले होते, आणि संकेतस्थळाचे नावसुद्धा कंपनीच्याच नोंदीवर होते. एका खरीप हंगामात वर्गणी थकली आणि पाने बंद झाली. बेण्याच्या निवडीपासून हळद शिजवण्यापर्यंत म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी सांगितलेले, मुलींनी बसून टंकलेले चार वर्षांचे लिखाण त्यात होते, आणि त्याची प्रत कोणापाशीही नव्हती. मला त्याची आजही हळहळ वाटते, कारण सांगणाऱ्यांपैकी दोघे आता हयात नाहीत.

म्हणून नाव संस्थेच्या स्वतःच्या खात्यावर नोंदवा, त्याचा पासवर्ड अध्यक्ष आणि ग्रंथपाल दोघांकडेही ठेवा, आणि करार करण्यापूर्वी मजकूर बाहेर कसा काढता येतो ते प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा. विक्ससारख्या तयार सेवेवर सुरुवात फार सोपी असते, पण तिथे बांधलेले संकेतस्थळ जसेच्या तसे उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही. वर्डप्रेसमधून मजकुराची एक फाइल निघते, मात्र तिच्यात छायाचित्रांचे केवळ पत्ते असतात, छायाचित्रे नसतात, आणि जुन्या ग्रामसभांची छायाचित्रे ज्यांनी जमवली आहेत त्यांनी ती वेगळी उतरवून घेतलीच पाहिजेत.

आज दुपारच्या सत्रात मी वर्डप्रेसचे एक रिकामे संकेतस्थळ उघडून ठेवणार आहे. प्रत्येकाने आपल्याच मोबाइलवरून त्यावर एक सूचना लावायची आहे. सचिवांनी नव्हे, ग्रंथपालांनी.