सिंकथिंग चालवताना सुडो लावू नका

मागच्यांना स्क्रीन दिसतेय ना? बरं. तर आज लिनक्स डेस्कटॉपवर सिंकथिंग, म्हणजे दोन मशीनवरच्या फायली आपोआप सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवायचंय, आणि खरं सांगायचं तर बसवणं पाच मिनिटांचं काम आहे, डेबियन किंवा उबुंटू असेल तर सुडो, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, ॲप्ट इन्स्टॉल सिंकथिंग, झालं. घोळ पुढे होतो.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा हाताला सवय म्हणून चालू करतानाही पुढे सुडो लावलं. सगळं छान चाललंय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सिंक होऊन आलेली एक फाईल उघडली, दोन ओळी लिहिल्या, सेव्ह करायला गेलो तर परवानगीच नाही! एलएस डॅश एल ही कमांड मारून बघतो तर प्रत्येक फायलीचा मालक रूट, म्हणजे सिस्टमचा ॲडमिन. फायली माझ्या आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, तसलं काहीतरी. मग बसलो मालकी बदलत.

म्हणून सर्व्हिस, म्हणजे मागे चालत राहणारं सिंकथिंग, आपल्या युजरचीच ठेवायची. सिस्टमसीटीएल, त्याला डॅश डॅश युजर, मग इनेबल, डॅश डॅश नाऊ, आणि सिंकथिंग डॉट सर्व्हिस. यात सुडो कुठेच नाही. ही लॉगिन केल्यावर सुरू होते, लॉगिन न करताही चालायला हवी असेल तर लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर एकदा मारून ठेवा.

आता ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ आणि पोर्ट ८३८४, म्हणजे याच मशीनवरचं सिंकथिंगचं पान. इथे ही जी लांबलचक डिव्हाइस आयडी दिसतेय ना, सात-सात अक्षरांचे आठ गट, ती मशीनच्या सर्टिफिकेटवरून बनते. ती दुसऱ्या मशीनवर टाकायची, आणि दोन्हीकडून होकार लागतो, एकाने जोडून भागत नाही. मध्ये फायली साठवणारा कुठलाच सर्व्हर नाही, त्यामुळे दोन्ही मशीन एकाच वेळी चालू नसतील तर काहीच सरकत नाही, मग लोक म्हणतात बिघडलं. बिघडलं नाही हो, समोरचं झोपलंय.

फोल्डर शेअर करताना फाईल व्हर्जनिंगचा, म्हणजे जुन्या प्रती जपून ठेवण्याचा, टॅब उघडाच, कारण मुळात ते बंद असतं आणि इकडे डिलीट केलेलं तिकडेही डिलीट होतं. त्यात अजून एक मेख आहे, व्हर्जनिंग फक्त दुसरीकडून आलेल्या बदलांसाठी असतं, तुम्ही याच मशीनवर जे उडवलं त्याची जुनी प्रत इथे राहत नाही, तिकडे चालू असेल तर तिकडे सापडेल. म्हणून दोन्हीकडे लावा.

आता हे बघा. नेटवर्क बंद केलं, एकच फाईल दोन्हीकडे बदलली, पुन्हा चालू केलं. थांबा जरा... आली. एकाच्या दोन झाल्या, आणि एकीच्या नावात सिंक-कॉन्फ्लिक्ट, तारीख, वेळ. दोन्हींपैकी जी आधी सेव्ह झाली होती तिलाच हे शेपूट लागतं. पण त्यात काय लिहिलंय ते उघडून बघितल्याशिवाय ती उडवू नका, त्यातली कुठली ओळ हवी ते सिंकथिंगला कळत नाही.